शेळीवाला अंक

आमच्या स्वयंपाकघरात पावसाकडच्या भिंतीवर सोळा विमानं होती. आता पंधरा आहेत. एक कसं कमी झालं ते सांगायचं तर आधी साहेब सांगावे लागतील, आणि साहेब कुठून सांगायला घ्यावेत ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

साहेब म्हणजे कुणी मोठे साहेब नव्हेत. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नटबोल्ट मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. राहायला वलवणला, दोन खोल्यांत, एकटे. लग्न केलं नव्हतं. एकदा मी तोंडावर विचारलं, का नाही केलं म्हणून. ते म्हणाले, "जागा नव्हती." मला वाटलं चेष्टा करतायत. नंतर घर बघितलं तेव्हा पटलं.

माझं लोणावळ्यात रद्दीचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. मी मूळचा टाकवे बुद्रुकचा, चौथी शिकलेला, आणि धंदा असा की आयुष्यभर पुस्तकांतच बसलो पण वाचलं काही नाही. इथले बंगले सगळे मुंबईच्या लोकांचे. बंगल्यातला म्हातारा गेला की पोरं येतात, दोन दिवसांत घर रिकामं करतात. भांडी माळी नेतो, कपाटं जुन्या सामानवाला नेतो आणि कागद माझ्याकडं येतो. म्हातारा काय वाचत होता, कुणाची पत्रं जपत होता, सगळं मला गोणीत भरून मिळतं.

साहेब पहिल्यांदा आले ते अंगात रेनकोट, वर छत्री, आणि खांद्यावरच्या पिशवीला वेगळा रेनकोट घालून. त्या पिशवीवर छत्री धरल्यामुळं स्वतः एका बाजूनं भिजलेले. पिशवी मात्र कोरडी ठणठणीत.

"विमानांची मासिकं येतात का तुमच्याकडे? इंग्रजी. जितकी जुनी तितकी बरी."

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडं वजनावर येतं. आत इमान हाय का म्हैस हाय, ते आमी बघत न्हाई."

"मग आजपासून बघा," ते म्हणाले आणि पायरीवर बसून गठ्ठे सोडायला लागले. माझ्या दुकानात मलाच काम सांगणारा हा पहिला माणूस. आणि गंमत म्हणजे मी दुसऱ्या दिवसापासून बघायला लागलो.

त्यांची पहिली अट थुंकीची. मी पानं मोजताना अंगठा जिभेला लावायचो. सगळेच लावतात. साहेबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं यांना आता पाणी द्यावं लागतं. म्हणाले, "शेठ, तुम्ही त्या विमानाला चाटलंत." त्या दिवसापासून माझा अंगठा तोंडाकडं निघतो आणि अर्ध्या वाटेत थांबतो. आज सत्तरी उलटली तरी नोटा मोजताना हात हवेत लटकतो आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटतं म्हाताऱ्याला झटका आला.

दुसरी खोड वासाची. अंक हातात आला की आधी नाकाला लावायचे. उघडायचे नंतर. "हा अंक समुद्राजवळ राहिलेला आहे." "हा लोणावळ्यातच कुजलाय, दहा पावसाळे." "याच्या मालकाला सिगारेटची सवय होती, पण शेवटी शेवटी सोडली असावी." मी म्हटलं, ते कसं कळलं? तर म्हणाले, नंतरच्या वर्षांच्या अंकांना वास नाही. मला हे पटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या बंगल्याच्या माळ्याला विचारलं, तर म्हातारा खरंच दोन वर्षं ऑक्सिजनवर होता.

ओला अंक असला तर पानापानात टाल्कम पावडर घालायचे, वरून टिपकागद, आणि मग विटांखाली दाबून ठेवायचे. आमची ही आतून बघायची. "भाऊंनी कागदाचं बाळंतपण काढलंय," म्हणायची. ती त्यांना पहिल्यापासून भाऊच म्हणायची आणि ते तिला वहिनी. मी साहेब म्हणायचो, ते मला शेठ. रद्दीवाल्याला शेठ म्हणणारा माणूस एक तर उपरोधिक असतो नाहीतर सरळ. हे सरळ होते.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्ची शोधली. खुर्ची नव्हती. पलंगही नव्हता. चांगले अंक भिंतीला लोखंडी रॅकवर, कारखान्यातल्यासारखी प्रत्येकाला दोरीनं चिठ्ठी बांधलेली. आणि दुबार आलेले अंक खोलीच्या मध्ये चौकोनी रचून त्यावर गादी. एखाद्या अंकाची जास्त चांगली प्रत मिळाली की आधीची रॅकवरून उतरून गादीखाली जायची. त्यामुळं बिछाना दरसाल चार बोटं वाढत होता. मी गेलो तेव्हा कमरेइतका होता. आता चढायला स्टूल लागतं. एकदा मी म्हटलं, "साहेब, पडलात तर कुणी बघायला न्हाई." ते वरूनच म्हणाले, "शेठ, आपलं उड्डाण एवढंच."

आणि हे खरं होतं, कारण हा माणूस जन्मात विमानात बसला नाही. रिटायर होताना कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना विमानाचं तिकीट दिलं, पुणे ते दिल्ली. मी तर सकाळी निरोपाला हार घेऊन गेलो होतो. संध्याकाळी साहेब दुकानात हजर.

"दिल्ली झाली का एवढ्यात?"

"गेलोच नाही."

"का वो? भीती वाटली?"

"आत बसल्यावर विमान दिसत नाही, शेठ. खिडकी दिसते, समोरच्याची खुर्ची दिसते. मी आत काचेजवळ बसलो, चार तास एकेक विमान नीट पाहिलं. त्या तिकिटाशिवाय तिथपर्यंत सोडत नाहीत."

"मग तुमचं इमान?"

"ते गेलं. त्याआधी माझं नाव पाच वेळा पुकारलं, भोंग्यावरून, मराठीत आणि इंग्रजीत. एवढा मान मला कारखान्यात कधी मिळाला नव्हता."

ही ते ऐकून हसून हसून दाराच्या चौकटीला टेकली. साहेबांना कळेना हसण्यासारखं काय आहे.

आवाजावरून विमान ओळखायचे हे आणखी एक. लोणावळ्यात धुकं पडलं की हातावरचं दिसत नाही, पण साहेब रस्त्यात उभे राहून मान वर करणार आणि सांगणार, कुठल्या जातीचं, किती इंजिनांचं. खरं का खोटं, वर जाऊन कोण बघणार. एकदा दुकानाच्या पायरीवर बसले असताना बोट वर केलं. "थांबा. हे जुनं आहे. पंख्याचं. हल्ली हे उडत नाही. शेठ, हे ऐकायला मिळणं भाग्य आहे." आम्ही दोघं डोळे मिटून पाच मिनिटं भाग्य ऐकत बसलो. मग ही आतून आली आणि म्हणाली, पलीकडच्या गिरणीचा पट्टा ढिला झालाय, दळण आज मिळायचं न्हाई.

साहेब म्हणाले, "पट्ट्याचा आवाज असा यायला नको." गिरणीवालाच चुकला.

आता शेळी.

साहेबांच्या रॅकवर निळ्या पाठीचं एक इंग्रजी मासिक होतं, सगळ्यात लाडकं. बारीक, बत्तीस पानांचं. त्याचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे अंक त्यांनी जमवले होते. एक सोडून. त्या एका अंकाच्या जागी रॅकवर त्यांनी तेवढ्याच जाडीची लाकडी फळी उभी केली होती आणि फळीलाही चिठ्ठी बांधली होती. मी इंग्रजीचा शत्रू, म्हणून मला ओळखता यावं यासाठी त्यांनी चित्र काढून दिलं. आधीच्या महिन्याच्या अंकात पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठाची एवढीशी छबी छापलेली होती, त्यावरून पेन्सिलीनं काढलेलं. दोन मजली पंखांचं विमान आणि त्याच्या चाकाशी एक शेळी.

ते चित्र मी दुकानात खिळ्याला लावलं आणि पाच वर्षं शेळी शोधली. तुंगार्लीपासून खंडाळ्यापर्यंत एकही बंगला सोडला नाही. माळी लोकांनाही सांगून ठेवलं, शेळीवालं इमान दिसलं की माझ्याकडं आणा. एकानं शेळीपालनाचं सरकारी पुस्तक आणून दिलं. एकानं तर विचारलं, शेळी जिवंत पाहिजे का.

साहेब कधी आमच्या घरात आले नव्हते. पायरीच्या आत यायचेच नाहीत. एका श्रावणात आमच्या त्याच पायरीवर शेवाळावरून पाय घसरला आणि आडवे झाले. पिशवी वर धरलेली, स्वतः खाली. मी आणि हिनं उचलून आत नेलं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. ही गुडघ्याला हळद-तेल लावत होती. साहेब कण्हत होते. मग कण्हायचे थांबले.

मी म्हटलं, "काय झालं? जास्त दुखतंय?"

ते समोरच्या भिंतीकडं बघत होते. तोंड उघडं. मग बोलले ते हिच्याशी.

"वहिनी, खळ कशाची केली होती?"

"कसली खळ?"

"ही पानं चिकटवायची."

"मैद्याची."

"मोरचूद घातलं होतं?"

"घातलं होतं की. न्हाईतर झुरळं खात्यात."

साहेबांनी डोळे मिटले. "मग शंभर वर्षं निघायचं नाही."

आमच्या त्या भिंतीला पावसाचा सगळा मार. चुना टिकत नाही, रंग टिकत नाही. आमची लेक पोटात होती तेव्हा, पाचव्या महिन्यात, ही स्टुलावर चढली आणि दुकानातला गुळगुळीत कागद भिंतीला चिकटवून घेतला. गुळगुळीत कागदाच्या पिशव्या होत नाहीत, भेळवाला घेत नाही, धंद्यात त्याला किंमत नाही, पण ओलीला तो एकदम टिकतो. तिनं एक अंक घेतला, टाचण्या काढल्या, पानं सुटी केली आणि ओळीनं लावली. सोळा पानं, सोळा विमानं. मी तेव्हापासून रोज दोन वेळा त्या भिंतीकडं तोंड करून जेवत होतो. वरच्या ओळीत पहिलं पान, पिवळं दोन मजली विमान. चाकाशी कुत्रं.

मी म्हटलं, "साहेब, हे कुत्रं हाय."

"मी कुत्रंच काढलं होतं."

"मग शिंगं?"

"ते कान आहेत."

ही मध्ये पडली. "भाऊ, म्या पण शेळीच म्हनले होते. दाढी बी होती तिला."

 साहेब गुडघा सुजेपर्यंत भिंतीसमोर बसून राहिले.

त्यांचं म्हणणं, वाफ देऊन, बोथट सुरीनं, एकेक पान महिनाभरात काढता येईल. हिचं म्हणणं, भिंत उघडी पडंल, ओल येईल, मी पोटुशी असताना जीव धोक्यात घालून लावलंय ते, निघणार न्हाई. साहेबांनी सांगितलं की मी संपूर्ण भिंतीला प्लास्टर करून देतो. नाही. टाइल्स लावून देतो. नाही. शेवटी म्हणाले, निदान वाचू द्या. तेवढ्याला ती हो म्हणाली. गुरुवारी दुकान बंद असतं. तेव्हापासून दर गुरुवारी दहाच्या सुमारास साहेब वही, पेन्सिल, भिंग आणि बॅटरी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात.

आमच्या घरात गुरुवारचा स्वयंपाक म्हणजे सर्कस. ही भाकरी थापायला बसली की नेमकं तिच्या डोक्यामागं साहेबांचं पान.

"वहिनी, जरा डावीकडे."

"डावीकडं तवा हाय."

"मग जरा वाका."

"तुमीच का वाकत न्हाई? भाकरी करपली तर तुमालाच वाढीन."

वाढायचीच. साहेब करपलेली भाकरी खात वाचायचे आणि वाचलेलं मराठीत सांगायचे. कुठल्या विमानाचे पंख कापडाचे होते, कुठल्याला शेपटी जड झाली म्हणून मागं माणूस बसवायचे नाहीत. ही सगळं ऐकायची. मी पेंगायचो.

तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरं पान. त्यात एका वैमानिकाची हकीगत होती. एकटा समुद्रावरून चाललेला. इंजिन बंद पडलं. चालू करायचा प्रयत्न केला, होईना. विमान खाली खाली यायला लागलं. आणि साहेब वाचतात, "ढगातून बाहेर आल्यावर त्याला खाली दिसलं..."

"काय दिसलं?" ही परात सोडून उभी.

"पुढचं मागच्या पानावर आहे."

"मंग वाचा की."

"मागचं पान भिंतीकडे आहे, वहिनी. तुमची खळ लागलीय त्याला."

तिनं पिठाच्या हातानंच पानाचा कोपरा दाबून बघितला.  मग म्हणाली, "वाचला असंल. खाली बेट दिसलं असंल. काठाला बायका धुणं वाळत घालत असतील."

"भर समुद्रात धुणं?"

"समुद्रात मान्सं कापडं धुत न्हाईत का?"

"पुरावा नाही," साहेब म्हणाले.

हे भांडण पंधरा वर्षं चाललं. गुरुवार आला की कुणीतरी एक सुरू करायचं. ती म्हणायची वाचला, हे म्हणायचे पुरावा नाही. भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची, ते तबकात साडी घालायचे, आणि दर वर्षी पाटावर बसूनच हळूच म्हणायचे, "वहिनी, ते एक पान तरी."

तिचं उत्तरही ठरलेलं. "भाऊ, ओवाळनी भावानं घालायची आस्ती, मागायची नस्ती."

आमची लेक पिंपरीला असते, शिकलेली. तिनं एकदा मोबाइलवर शोधून दाखवलं की या मासिकाचे जुने अंक असे बोटानं सरकवून बघता येतात. साहेबांचा चेहरा पडला. तिनं वर्षामागून वर्ष सरकवलं. सगळं होतं आणि नेमका हा अंक नव्हता. साहेब इतके खूश झाले की लेकीला म्हणाले, "हा अंक जगात तुमच्या आईच्या भिंतीवरच आहे." हे ऐकल्यावर, आठवड्याला भिंत पुसणारी आमची ही ती रोज पुसायला लागली.

माझ्याजवळ मात्र ती एकदा वेगळंच बोलली होती. मी म्हटलं, देऊन टाक की ते एक पान, म्हातारा किती वर्षं मागतोय. भिंतीला माझ्याकडं काय कागदाचा तोटा आहे का. तर म्हणाली, "तुमाला कळत न्हाई. अंक पुरा झाला की भाऊ कशाला यायचा हितं? त्याला दुसरं कोन हाय?"

ती गेल्या माघात गेली. छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाली, मी रिक्षा आणायला पळालो, आलो तर पायरीवर बसलेली होती आणि नव्हती. यापुढं मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तेराव्याला साहेब आले. स्वयंपाकघरात बसले ते भिंतीकडं पाठ करून. त्यानंतरच्या गुरुवारी आले. पाठच. वही नाही, भिंग नाही. मी भाकरी करायला शिकत होतो. पहिला महिनाभर माझी भाकरी बघून कुणीही सांगितलं असतं की हा विधुर आहे. साहेब खायचे आणि म्हणायचे, "कडा जाड आहेत. मधे उड्डाण चांगलं आहे." आम्ही दोघं भिंतीकडं न बघता जेवायचो आणि चारला ते निघून जायचे.

पावसाळ्यात भिंतीला ओल दिसली. खालच्या ओळीच्या कडा सुटायला लागल्या. लेक आली, बघितलं आणि म्हणाली, "आबा, आता टाइल्स लावून घेऊ. सगळं पडायच्या आधी." मी हो म्हटलं. कशालाच नाही म्हणायचं अंगात राहिलं नव्हतं. तिनं माणूस ठरवला, सोमवारचा.

मी वलवणला गेलो. साहेब त्या उंच बिछान्यावर पाय सोडून बसलेले होते, शेपटीच्या वेटोळ्यावर हनुमान बसावा तसे.

"साहेब, सोमवारी भिंत जातीया. तुमचं पान घेऊन टाका. सगळीच घ्या."

ते उतरले. उतरायला वेळ लागतो आता. रॅकवरची लाकडी फळी काढली, तिच्याकडं बघितलं, परत ठेवली. म्हणाले, "उद्या गुरुवार आहे."

गुरुवारी सगळी हत्यारं घेऊन आले. किटली, बोथट सुरी, टिपकागद, पावडर. शेगडी भिंतीशी ओढून वर ठेवलेल्या किटलीची तोटी भिंतीला लावली आणि तासभर वाफ दिली. बाकीच्या पानांना त्यांनी हातही लावला नाही. तिसरी ओळ, डावीकडून दुसरं. कडेनं सुरी अशी घालत होते की मला माझ्या लेकीच्या वेळची सुईण आठवली. मी किटली धरून उभा. वाफेत दोघांचेही चष्मे पांढरे. तेव्हा मी बोललो. समोरासमोर दिसत असतं तर बोललो नसतो.

"ही म्हनायची, अंक पुरा झाला की भाऊ यायचा न्हाई. म्हनून देत नव्हती."

सुरी थांबली.

"शेठ," साहेब म्हणाले, "दर्शनी बाजू सगळी मी पहिल्या तीन महिन्यांत उतरवून घेतली होती."

"मंग पंधरा वर्षं काय वाचत होता?"

"भाकरी," ते म्हणाले आणि परत सुरी चालू केली.

पान सुटलं. अख्खं, कुठंही न फाटता. साहेबांनी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन उलटं केलं.

मागच्या बाजूला खळ वाळून बसली होती. ही ब्रश वापरायची नाही, खळ हातानंच फासायची. पानभर तिचा पंजा उठलेला होता. पाची बोटं. मनगटाशी बांगडी टेकल्याची गोल रेघ. आमची लेक पोटात असतानाचा हात. तेव्हा बोटं बारीक होती.

किटलीतलं पाणी संपून ती तडतडायला लागली तरी मी गॅस बंद केला नाही. साहेबांनीच केला.

"वाचायचं तर हे धुवावं लागेल," ते म्हणाले. "कोमट पाणी. दोन मिनिटांचं काम आहे."

 पंधरा वर्षं या माणसानं त्या पानाची वाट बघितली होती. मी नाही कसं म्हणणार. हो कसं म्हणणार.

साहेबांनी भिंग काढलं. पान उजेडाकडं धरलं. खळीखालून अक्षरं अंधुक दिसत होती, मेणकागदासारखं झालं होतं ते पान. त्यांचे ओठ हलायला लागले. पुष्कळ वेळ हलत होते.

मी विचारलं, "वाचला का वो त्यो?"

"वाचला. खाली बेट दिसलं. वाळूवर उतरवलं त्यानं."

"आनि?"

"काठाला दोरीवर कपडे वाळत घातलेले होते. त्यावरून त्याला कळलं वारा कुठून आहे."

मी त्यांच्याकडं बघितलं. "साहेब, मला इंग्रजी येत न्हाई म्हनून सांगताय का?"

"छापलेलं आहे," ते म्हणाले. चष्मा काढला, पुसला, घातला. मी पुढं विचारलं नाही. माझ्यापुरतं छापलेलं आहे.

मग म्हणाले, "मैदा आहे का घरात?"

खळ मी केली. गुठळ्या झाल्या. त्यावरून त्यांनी मला पुष्कळ बोलून घेतलं, वहिनींची खळ कशी साईसारखी होती वगैरे. मी म्हटलं, तिची तिनं नेली, आता हीच खा. मोरचूद नव्हतं, ते आणायला मी भर पावसात जाऊन आलो. पान होतं तिथंच लावलं, तिसरी ओळ, डावीकडून दुसरं. उलटं. विमान भिंतीकडं आणि हाताची बाजू घराकडं.

सोमवारी टाइल्सवाला आला त्याला सांगितलं, बाकीच्या तिन्ही भिंतींना लाव, या भिंतीला हात लावलास तर तुझे हात मोडीन. लेक रागावली, आत आली, भिंत बघितली, आणि मग त्या माणसाला तिनंच परत पाठवलं. ओल आहेच. मी बाहेरून पत्रा मारून घेतलाय.

साहेबांच्या रॅकवर ती लाकडी फळी अजून उभी आहे. गुरुवारी ते येतात. आता परत भिंतीकडं तोंड करून बसतात. माझ्या भाकरीच्या कडा पातळ व्हायला लागल्यात. जेवण झालं की भिंग घेऊन तिसऱ्या ओळीपाशी उभे राहतात.

मी म्हणतो, "वाचून झालं की वो तुमचं. आता काय राह्यलं?"

"बेटाचं नाव," ते म्हणतात. "बरोबर वहिनींच्या करंगळीखाली आलंय. तेवढं लागत नाही."

कोमट पाण्याचं काम आहे, दोन मिनिटांचं. तेही म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. चारला ते वही मिटतात, पिशवीला रेनकोट घालतात आणि पायरीवरून जपून उतरताना सांगतात, पुढच्या गुरुवारी उजेड चांगला असेल तर बघू.